४०३ च्या बाथरूममधली बुरशी: एक प्रकरण अभ्यास

इमारतींची ओल, गळती आणि दुरुस्ती हे माझं रोजचं काम. पावसाळ्यात येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच एकाच वाक्याने सुरू होतात: "वरच्यांचं बाथरूम गळतंय." कधी ते खरं असतं, कधी अर्धं खरं असतं. खालचं प्रकरण ठाण्यातलं आहे. ते सविस्तर लिहायचं कारण असं, की त्यात एकाच भिंतीला दोन वेगवेगळी दुखणी होती आणि ज्या दुखण्यावरून भांडण पेटलं होतं ते मुळात नव्हतंच. घरांचे क्रमांक आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्याच्या बाजूची सात मजली इमारत, वय अठरा-एकोणीस वर्षं. ४०३ मध्ये आजी-आजोबा, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. नातवाला बालदमा, पंप चालू.

बाथरूम चार बाय सात फुटांचं, छत आठ फुटांवर. एका लांब भिंतीपलीकडे मोठी बेडरूम, दुसऱ्या लांब भिंतीपलीकडे डक्ट, म्हणजे पाइपांसाठी आणि हवेसाठी इमारतीत वरपासून खालपर्यंत सोडलेली उभी मोकळी जागा. दार आखूड बाजूला, पॅसेजकडे उघडणारं. शॉवर बेडरूमच्या भिंतीवर, नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जाण्याचं तोंड, डक्टच्या बाजूला. डक्टकडे काचेच्या पट्ट्यांची लूव्हर्सची खिडकी. गिझर विजेचा, पंधरा लिटरचा. छताला पीओपीचं पनिंग, म्हणजे पातळ गुळगुळीत थर, आणि त्यावर साधा डिस्टेंपर. मुंबई-ठाण्यातल्या त्या काळच्या बहुतेक इमारतींत बिल्डरने हेच करून दिलेलं असतं. दिसायला गुळगुळीत, पण पीओपी म्हणजे जिप्सम. ते ओल शोषून धरून ठेवतं. बाथरूमच्या छताला ते का लावतात हे मला आजवर कळलेलं नाही.

घरात राहायला आल्यापासून बारा-तेरा वर्षं बुरशीचा काही त्रास नव्हता. मग दोन गोष्टी एका वर्षाच्या आत घडल्या. डक्टमध्ये कबुतरं फार झाली. लूव्हर्सची एक काच निसटली होती, तिथून एक जोडी आत शिरून गिझरवर घरटं करू लागली. आजोबांनी सुताराला बोलावून पूर्ण खिडकीवर ॲक्रिलिकची शीट बसवली आणि कडेने सिलिकॉन भरून घेतलं. कबुतरं थांबली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बेडरूममध्ये एसी आला. बेडरूमच्या रचनेमुळे एसीचा झोत नेमका बाथरूमच्या सामाईक भिंतीवर आदळत होता. नातवाला उकडू नये म्हणून एसी रात्रभर २० वर.

पुढच्या पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले.

अडचण

दिवाळीत छत रंगवून घेतलं. पुढच्या आषाढात ठिपके परत आले, या वेळी पसा-दोन पसा नाही तर सामाईक भिंतीच्या माथ्यावरून सलग हातभर रुंदीचा पट्टा. शिवाय बेडरूममधल्या कपाटाला कुबट वास येऊ लागला. कपाट पुढे ओढलं तर मागच्या प्लायवर हिरवट-राखाडी थर आणि भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत, रंगाचे पोपडे. सूनबाईंच्या पैठणीच्या घडीवर डाग पडले होते. मला वाटतं, खरी तक्रार तिथून सुरू झाली. छताकडे घरातल्या कुणी इतक्या रागाने पाहिलं नव्हतं.

रंगारी म्हणाला, "वरून लीकेज आहे, मी कितीही मारलं तरी टिकायचं नाही." झालं. ४०३ ने सोसायटीला पत्र दिलं, सेक्रेटरींनी ते बरोबर वरच्या ५०३ ला पाठवलं. ५०३ मध्ये एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी राहतात. त्यांनी चार वर्षांपूर्वी बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंगसकट नवं करून घेतलं होतं, बिलं जपून ठेवली होती. त्यांचं उत्तर दोन ओळींचं: आमच्याकडून पाणी येत नाही, आणि नव्या टाइल्स आम्ही फोडू देणार नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, पावसाच्या पाण्याची, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाची, तर संडास-बाथरूम-सिंकची अंतर्गत गळती त्या त्या सदनिकाधारकाच्या खर्चाची. नियम सरळ आहे, पण तो लावण्याआधी पाणी कुणाचं हे ठरावं लागतं. इथे ते कुणीच पाहिलं नव्हतं. दोन कुटुंबं लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलेनाशी झाली तेव्हा सेक्रेटरींनी मला बोलावलं.

नातवाचा दमाही त्या दोन पावसाळ्यांत बळावला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत ओलसर, बुरशी धरलेल्या घरांचा श्वसनाच्या तक्रारींशी आणि दम्याशी संबंध स्पष्ट मांडला आहे. त्यामुळे "फक्त दिसायला वाईट" म्हणून हे सोडून देण्यासारखं नव्हतं. आजोबांनी मात्र "काळी बुरशी म्हणजे विषारी" असं कुठेतरी वाचलं होतं आणि त्यावरून घरात वेगळीच घबराट होती. रंगावरून बुरशीची जात ठरत नाही. बाथरूममध्ये दिसणारी काळी बुरशी बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस असते. जात कुठलीही असो, दमेकरी मुलाच्या घरात ती नको आणि उपाय तोच, त्यामुळे प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याचा खर्च मी टाळायला सांगितलं.

पहिला निर्णय: फोडायचं की तपासायचं

माझ्या आधी एक कंत्राटदार येऊन गेला होता. त्याचा प्रस्ताव असा: बाथरूमला पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग, बेडरूमच्या भिंतीला केमिकल कोटिंग, वर बुरशीरोधक रंग. सगळं मिळून पन्नास हजारांच्या घरात. मुलगा तयार होता, कारण गणपती दीड महिन्यावर आले होते आणि त्यांच्याकडे गौरी असतात, घर पाहुण्यांनी भरतं.

फॉल्स सीलिंगला मी सरळ नाही म्हटलं. बुरशी त्याने झाकली जाते, पण वरच्या बंद पोकळीत ती आणखी सुखाने वाढते, आणि उद्या खरोखर वरून गळती झाली तर महिनोन् महिने कळत नाही. बाकीच्याबद्दल एवढंच सांगितलं की आधी आठ-दहा दिवस द्या.

नुसत्या नजरेनेच दोन-तीन गोष्टी खटकत होत्या. वरच्या बाथरूमची गळती असती तर ती ट्रॅपच्या किंवा पाइपच्या आसपास, म्हणजे डक्टच्या बाजूला दिसायला हवी होती. बुरशी नेमकी उलट बाजूला, सामाईक भिंतीच्या माथ्यावर दाट आणि डक्टकडे जावं तशी विरळ. गळतीच्या डागाला सहसा पिवळट-तपकिरी कडा असते, खार फुलतो, प्लास्टर फुगतं. छतावर यातलं काही नव्हतं, फक्त एकसारखे काळे ठिपके. आणि मे महिन्यात सगळं कोरडं असे. पण कपाटामागची भिंत वेगळी होती. तिथे पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून फुललेला खार, होता, बोट लावलं की पीठ यावं तसा, आणि आजींच्या म्हणण्याप्रमाणे पोपडे उन्हाळ्यातही पडत.

फॉइलची चाचणी

स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, फूटभर चौकोनी तुकडा, चारही कडा टेपने घट्ट बंद, भिंत आधी पुसून कोरडी केलेली. दोन दिवस तशीच ठेवायची. फॉइलच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी हवेतलं आहे. खर्च जवळजवळ शून्य, आणि तरी ही चाचणी न करता लाखाची कामं काढलेली मी पाहिली आहेत.

तीन तुकडे लावले: छताच्या काळ्या पट्ट्यावर, छतावर डक्टच्या बाजूला, आणि बेडरूममध्ये कपाटामागे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंचा फोन आला, "पहिल्याच्या बाहेरून पाणी ठिबकतंय, पण आतून कोरडं आहे. असं कसं?" डक्टच्या बाजूचा तुकडा दोन्हीकडून कोरडा. कपाटामागचा तुकडा बाहेरून कोरडा आणि आतून ओलाचिंब.

म्हणजे छताचं पाणी हवेतलं आणि कपाटामागचं पाणी भिंतीतलं. दोन आजार, औषधंही दोन.

छताचं पाणी कुठून आलं

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तेच इथे होत होतं, फक्त तांब्याच्या जागी भिंत. सकाळी आठला, तिघांच्या अंघोळी झाल्यावर मोजलं: बाथरूममधली हवा २८ अंश, आर्द्रता ९५ टक्क्यांवर. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याहून गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं ते तापमान, २७ अंशांच्या आसपास असतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने डक्टच्या बाजूचं छत साडेसत्तावीस दाखवत होतं, सामाईक भिंतीचा माथा साडेतेवीस. पलीकडे रात्रभर एसीचा झोत खाऊन ती साडेचार इंची भिंत गार पडलेली होती.

मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. पॅसेजमधली हवा, जिथे कुणी अंघोळ करत नाही, तीही जुलैत २८ अंश आणि ८४ टक्के होती. तिचा दवबिंदू २५. म्हणजे त्या दिवशी घरात कुणी अंघोळ केली नसती तरी त्या माथ्यावर दव साचलंच असतं. बुरशीला भांडंभर पाणी लागत नाही. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे टिकून राहिली की पुरतं. खायला रंगातला चिकट अंश, साबणाचा थर आणि धूळ असतेच.

आणि ती वाफ बाहेर जायला वाट नव्हती. खिडकी बंद. दाराखाली ग्रॅनाइटचा उंबरा, त्यावर दार इतकं नेमकं बसलेलं की कागद सरकायचा नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून बाथरूममध्येच दोरी बांधून ओले कपडे.

इथे थोडं विषयांतर करतो. गिझर विजेचा होता म्हणून हे प्रकरण बुरशीवर थांबलं. खिडकी अशी सील करून आत गॅसचा गिझर असता, तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावण्याचा धोका होता. कबुतरांसाठी खिडकी बंद करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारतो: गिझर कसला आहे?

५०३ ची परीक्षा

फॉइलने ५०३ जवळजवळ सुटलं होतं. तरी आजोबांचं समाधान होईना. "फॉइलचं काय सांगता, पत्र मी सोसायटीला दिलंय," असं त्यांचं म्हणणं. मग ५०३ च्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "पाणी भरून बघा खुशाल, पण काही निघालं नाही तर तक्रार लेखी मागे घ्यायची." सेक्रेटरींनी दोन्हीकडून होकार घेतला.

५०३ च्या ट्रॅपमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवला, उंबऱ्याच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरलं आणि त्यात कपड्यांची नीळ घातली. दोन दिवस ते बाथरूम बंद, काका-काकूंनी दुसरं वापरलं. खाली छतावर निळा ठिपकाही आला नाही. तक्रार मागे घेतल्याचं पत्र आजोबांनी स्वतः वर नेऊन दिलं. त्यात सूनबाईंचा आग्रह किती आणि त्यांची इच्छा किती, हे मी विचारलं नाही.

कपाटामागचं पाणी

आता बेडरूमची भिंत. शक्यता तीन: भिंतीत पुरलेला पाइप, जमिनीचं वॉटरप्रूफिंग, किंवा शॉवरखालच्या टाइल्सचे सांधे. प्लंबरने गिझर वेगळा काढून हातपंपाने लाइनला दाब दिला, काटा तासाभरात हलला नाही. पाइप शाबूत.

मग एक फुकटचा प्रयोग. आठवडाभर कुणी शॉवर वापरायचा नाही, सगळ्यांनी बादलीने, डक्टच्या बाजूला बसून अंघोळ करायची. भिंतीतली ओल रोज त्याच तीन खुणांवर मीटरने मोजायची. पाचव्या-सहाव्या दिवसापासून आकडे उतरू लागले. जमीन रोज ओली होतच होती, तरी भिंत सुकू लागली. म्हणजे पाणी शॉवरच्या भिंतीच्या सांध्यांतून आत जात होतं.

सांधे का उघडे पडले याचं उत्तर बेसिनखालच्या कोपऱ्यात होतं. तिथे ॲसिडची बाटली होती, टाइल्स चकचकीत करायला बाजारात मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. दर आठवड्याला टाइल्सच्या खालच्या तीन ओळी त्याने घासल्या जात. टाइल्स खरोखर चकाकत होत्या. पण ॲसिड सिमेंट खातं. वरच्या ओळींतले सांधे भरलेले, आणि खालच्या ओळींत नख सहज जाईल इतके पोकळ. कामाला येणाऱ्या मावशींनी दुसरी गोष्ट सांगितली ती ऐकून मात्र मी हादरलो: छतावरची बुरशी घालवायला त्या ब्लीच वापरत, आणि कधी कधी ॲसिडचं काम झाल्या झाल्याच. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तोही त्या बंद खोलीत. त्यांना खोकल्याची उबळ येत असे, पण "औषध स्ट्राँग आहे" असं त्यांना वाटे. ॲसिडची बाटली त्याच दिवशी घराबाहेर गेली.

पर्याय आणि निवड

बाथरूम पूर्ण फोडून नवं वॉटरप्रूफिंग करायचं तर लाखाच्या आसपास खर्च आणि तीन-चार आठवडे धूळ. जमिनीतून गळती नाही हे दिसत असताना त्याचं समर्थन होत नव्हतं, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. दुसरा पर्याय सांधे खरवडून त्यात एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचा पाणी न शिरू देणारा मसाला, भरण्याचा. त्याला वीस हजारांच्या आत खर्च होता. त्यात धोका एवढाच की टाइल्सच्या मागचा मसाला आधीच पोकळ झाला असेल तर दोन-तीन वर्षांनी फोडावं लागेल. टाइल्सवर ठोकून पाहिलं, दोन सोडून सगळ्या भरीव वाजल्या. त्या दोन बदलून एपॉक्सी करायचं ठरलं.

डीह्युमिडिफायरचा विचार मुलाने केला होता. कॉम्प्रेसरवर चालणारं चांगलं यंत्र पावसाळ्यात खोली खरोखर कोरडी ठेवतं, पण ते बाथरूममध्ये ठेवण्याची वस्तू नव्हे आणि रोज टाकी रिकामी करावी लागते. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारी छोटी यंत्रं दिवसभरात पेलाभर पाणी जेमतेम ओढतात, ती घेऊच नयेत. कपाटातल्या डांबरगोळ्यांनी किडा मरतो, ओल कमी होत नाही.

राहिला एक्झॉस्ट फॅन. तो बसवायचा हे उघड होतं. पण पावसाळ्यात बाहेरची हवाच ८५ टक्क्यांच्या आसपास दमट असते. फॅन बाथरूमला कोरडं करत नाही, तो फक्त अंघोळीची वाफ काढून बाथरूमला घराच्या पातळीवर आणतो. भिंत साडेतेवीस अंशांवरच राहिली तर फॅन असूनही दव पडणार. म्हणून मी एसीवर अडून बसलो, आणि घरात सगळ्यात मोठी चर्चा त्यावरच झाली. नातवाला गारवा लागतो, असं आजींचं म्हणणं. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या नियमाने २०२० पासून नवे रूम एसी चालू करताना २४ वरच सुरू होतात. यांचाही तसाच होता, आजी रोज तो हाताने २० वर नेत. शेवटी २५ आणि सोबत हळू पंखा, असं ठरलं. दिशा बदलणाऱ्या पट्ट्या फिरवून झोत सामाईक भिंतीवरून काढला.

काय केलं आणि कुठल्या क्रमाने

आधी पाणी बंद, मग बुरशी साफ, मग रंग. हा क्रम उलटला की सगळं वाया.

ॲक्रिलिकच्या शीटमध्ये वरच्या कोपऱ्यात, दारापासून सर्वांत लांब, सहा इंची एक्झॉस्ट बसवला. बाहेरून आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या असलेला, म्हणजे फॅन बंद असताना कबुतर आणि डक्टचा वास दोन्ही आत नाहीत. उरलेल्या भागातल्या लूव्हर्स मोकळ्या करून बाहेरून जाळी ठोकली. दाराची खालची कड पाऊण इंच कापली. फॅन हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा आत यायला वाट लागते, नाहीतर तो नुसताच घरघरतो. या पाऊण इंचाला आजोबांचा विरोध होता, "बाथरूमच्या दाराखालून उजेड दिसतो, बरं दिसतं का?" दाराला आतून तिरप्या पट्ट्यांची छोटी जाळी बसवून तो प्रश्न मिटला.

फॅन आधी दिव्याच्या बटणाला जोडायचा इलेक्ट्रिशियनचा बेत होता. तसं केलं तर माणूस बाहेर पडला की फॅन बंद, आणि वाफ तर तेव्हाच खोलीभर असते. वेगळं बटण आणि टायमर लावला: बंद केल्यावरही चाळीस मिनिटं फॅन चालतो. बिलाची काळजी होती म्हणून हिशोब सांगितला, तीस वॅटचा फॅन रोज तीन तास चालला तरी महिन्याला तीन युनिटांच्या आत.

छताचं पीओपी पूर्ण खरवडून सिमेंटच्या प्लास्टरपर्यंत काढलं. नातवाला दोन दिवस आजोळी पाठवलं. दारावर प्लास्टिक लावलं, छत आधी फवाऱ्याने ओलं केलं म्हणजे बीजाणू उडत नाहीत, कामगारांना एन-९५ मास्क आणि गॉगल, खरवडलेला माल तिथेच पिशवीत बांधून बाहेर. टाइल्स आणि कठीण पृष्ठभाग ब्लीचने पुसले, चार लिटर पाण्यात साधारण एक कप, खिडकी उघडी ठेवून, दुसरं कुठलंच रसायन जवळ न आणता. सच्छिद्र प्लास्टरवर ब्लीचचा भरवसा धरू नये. रंग वरवर उडतो, मुळं आत राहतात. म्हणून छत खरवडलंच. कपाटाची मागची प्लाय फेकून दिली आणि कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवलं.

गणपतींचा पेच

इथे खरा निर्णय आला. छत उघडं, प्लास्टर दमट, आणि गणपती तोंडावर. मुलाला लगेच पुट्टी आणि बुरशीरोधक रंग हवा होता. ओल्या प्लास्टरवर प्लास्टिक रंग मारला की ओल आत कोंडते आणि तीन-चार महिन्यांत फोड येतात, मग तो रंग कितीही बुरशीरोधक असो. मी चुना सुचवला. भिजवलेल्या चुन्याचे दोन हात. चुना तीव्र अल्कधर्मी, सामू बाराच्या वर, त्यात बुरशी धरत नाही आणि भिंत त्यातून वाळत राहते. खर्च काहीशे रुपये. "पाहुण्यांसमोर चुन्याचं बाथरूम!" असं मुलगा म्हणाला खरा, पण आजी माझ्या बाजूने होत्या, त्यांच्या माहेरी सगळं घर दरवर्षी चुन्यानेच रंगायचं. गौरी-गणपती चुन्यात झाले. नोव्हेंबरमध्ये मीटरचे आकडे खाली आल्यावर सिमेंटची पुट्टी, प्रायमर आणि बाथरूमसाठीचा बुरशीरोधक ॲक्रिलिक रंग.

रोजच्या सवयींत दोनच बदल मागितले: शेवटच्या अंघोळीनंतर वायपरने भिंती आणि फरशी ओढून घ्यायची, आणि कपडे बाथरूममध्ये वाळत घालायचे नाहीत. पहिला टिकला. दुसरा पावसाळ्यात अधूनमधून मोडतो, टूबीएचकेमध्ये पाच माणसांचे कपडे जाणार कुठे? तेवढ्या वेळी फॅन जास्त चालवा असं सांगून ठेवलं आहे.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात छत स्वच्छ राहिलं. अंघोळीनंतर बाथरूमची आर्द्रता टायमर संपेपर्यंत पॅसेजच्या बरोबरीला येते, आधी दुपारपर्यंत येत नसे. सामाईक भिंतीचा माथा सकाळी २६ च्या आसपास असतो. कपाटामागची भिंत सुकायला पूर्ण हिवाळा गेला. लोणा दोनदा घासून काढावा लागला, तिसऱ्यांदा आला नाही. शॉवरच्या कोपऱ्यातल्या उभ्या सांध्यात मात्र काळी रेघ परत उमटली. तिथे एपॉक्सीऐवजी लवचीक सीलंट हवं होतं, कारण दोन भिंती जिथे मिळतात तिथे ताठ मसाला तडकतो. ते बदलून घेतलं.

नातवाचा त्रास कमी झाला असं घरचे सांगतात. ते श्रेय मी बुरशी हटवण्याला पूर्ण देणार नाही. त्याच काळात डॉक्टरांनी पंप बदलला होता.

एकूण खर्च चाळीस हजारांच्या आत बसला. कंत्राटदाराच्या प्रस्तावापेक्षा तो फार कमी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ज्या दिवशी खिडकीवर शीट बसली त्याच दिवशी तिच्यात फॅनचं भोक पाडलं असतं, तर छताचा निम्मा प्रश्न उद्भवला नसता. सुताराने विचारलं नाही आणि घरच्यांना सुचलं नाही. एसी बसवणाऱ्यालाही, पलीकडे बाथरूम आहे, झोत तिकडे नको, हे सांगणारं कुणी नव्हतं.

सोसायटीचा पत्रव्यवहार फार लवकर सुरू झाला. सेक्रेटरींनी पत्र पुढे पाठवण्याआधी दोन दिवसांची फॉइल लावायला सांगितली असती तर ५०३ या प्रकरणात आलंच नसतं. त्यांनी आता तसा शिरस्ता पाडला आहे: आतल्या गळतीची तक्रार आली की आधी तक्रारदाराच्या घरी चाचणी, मग पत्र.

मे महिन्यात, सगळं कोरडं असताना, भिंतींचे आकडे एकदा घेऊन ठेवले असते तर पावसाळ्यात तुलना सोपी झाली असती. आम्हाला ती सोय नव्हती, म्हणून बादलीच्या आठवड्यावर अवलंबून राहावं लागलं. तो प्रयोग चालला, कारण घरातल्या सगळ्यांनी तो प्रामाणिकपणे पाळला. एकाने जरी गुपचूप शॉवर घेतला असता तर निष्कर्ष फसला असता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डक्टच्या तळाशी कबुतरांची घाण आणि जुन्या दुरुस्त्यांचा राडारोडा साचला आहे, आणि वरच्या टोकाला कुणीतरी पत्रा टाकल्यामुळे हवा नीट वर जात नाही. सहा-सात घरांचे एक्झॉस्ट त्याच डक्टमध्ये उघडतात. डक्ट साफ करून वरचा पत्रा काढण्याचा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत आला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांनी पावसाचं पाणी आत येईल म्हणून हरकत घेतली. पत्र्याच्या जागी चारी बाजूंनी मोकळी, वरून छप्पर असलेली जाळीची टोपी बसवता येते. तिचं दरपत्रक ५०३ च्या काकांनी मागवलं आहे.